अव्वानं सांगितलेला शेवट

आईनं आयुष्यातला पहिला कन्नड सिनेमा पाहिला तो १९७६ च्या कार्तिक अमावस्येला, गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या जत्रेत, तंबूत बसून. लग्नाला सहा महिने झाले होते. माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावला. सासर जत तालुक्याच्या पूर्वेला, संखच्या पलीकडं, जिथनं चडचणचा बाजार जवळ आणि सांगली लांब. दोन्ही घरं लिंगायत म्हणून सोयरीक जुळली. पण माहेरी भांडणापासून भजनापर्यंत सगळं मराठीत आणि सासरी उंबऱ्याच्या आत कन्नड. सहा महिन्यांत तिला तीन शब्द पक्के आले होते. नीरु, होल आणि कल्लु. पाणी, शेत आणि दगड. त्या घरात दिवसभर याच तिन्हीची बोलणी चालायची, असं ती सांगते.

जत्रेला विजापूरकडून, अथणीकडून माणसं पायी येतात. तेव्हाही यायची. देवीचं दर्शन झालं, खारे शेंगदाणे घेतले, आणि माझी आजी, म्हणजे अव्वा, नव्या सुनेचा हात धरून तंबूत शिरली. मधोमध कनात, एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बायका. खाली नुसती माती. बाहेर जनरेटरची घरघर. सिनेमा होता ‘बंगारद मनुष्य’, म्हणजे सोन्याचा माणूस. अव्वा सुनेच्या कानाला लागून सगळा सिनेमा मराठीत सांगत राहिली. तिचं मराठी बाजारात आणि कचेरीत शिकलेलं. लिंग-वचनाचा मेळ कधी बसायचा, कधी नाही. “हा राजीव. ती त्याची अक्का. अक्काचा नवरा मेला. घरात काय न्हाई. आता हा बघ काय करतो.”

आई सांगते, पुढं पुढं अव्वाचं सांगणं पडद्याच्या आधी यायला लागलं. पडद्यावर माणूस अजून बैलगाडीतून उतरायचाय, तोवर अव्वानं त्याचं पुढचं बोलणं सांगून टाकलेलं. सिनेमा तिला पाठ होता.

आणि मग, शेवट जवळ आला असं आईलाही कळत होतं, तेव्हा अव्वानं तिचं मनगट धरलं. “ऊठ.”

“अजून हाय की, अव्वा.”

“झालं सगळं. चल.”

बायकांचे गुडघे ओलांडत दोघी बाहेर आल्या. अंधारात गाडीपर्यंत चालताना आईनं विचारलं, मग त्याचं काय झालं? अव्वा जरा वेळानं म्हणाली, “रागानं जातो. अक्का दारात उभी राहती. ‘बा’ म्हणती. येतो की परत.” ‘बा’ म्हणजे ये. आईचा चौथा शब्द.

वडिलांना नोकरी साताऱ्यात लागली, म्हणून आम्ही भावंडं साताऱ्यात वाढलो. दिवे गेले की आई ही गोष्ट सांगायची. राजीव येतो, दगड फोडतो, माळाचं सोनं करतो, भाचे शिकतात, भाचा वाईट बोलतो, राजीव निघतो, अक्का दारात उभी राहते, बा म्हणते, राजीव परत येतो. तो परत आला की आम्ही झोपायला मोकळे. कित्येक वर्षं मला हा शेवट पडताळून पाहावासा वाटला नाही. आजीच्या गोष्टीचा शेवट कोण पडताळतं?

‘बंगारद मनुष्य’ बंगळुरात प्रदर्शित झाला ३१ मार्च १९७२ ला. टी. के. रामराव यांची त्याच नावाची कादंबरी, सिद्धलिंगय्यांचं दिग्दर्शन, राजकुमार आणि भारती. केम्पेगौडा रस्त्यावरच्या ‘स्टेट्स’ टॉकीजमध्ये तो सलग १०४ आठवडे चालला. आपल्याकडं ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला होता, म्हणजे मराठी माणसाला अशा मुक्कामाची कल्पना आहे. पण ‘बंगारद मनुष्य’बद्दल कर्नाटकात जी गोष्ट अजून सांगितली जाते ती आठवड्यांची नाही. शहरात नोकरी शोधणारी शिकलेली पोरं हा सिनेमा पाहून गावाकडं परत गेली, पडीक जमिनी वहितीला आणल्या, असं तिकडचे म्हातारे आपल्या ओळखीच्या एखाद्या माणसाकडं बोट दाखवून सांगतात. सिनेमानं माणसाला शेताकडं धाडावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कथा तशी घरगुती. राजीव बहिणीच्या गावी येतो तर दाजी नुकतेच गेलेले, घरावर कर्ज, पोरं लहान. तो तिथंच राहतो. कुणी फुकट घेणार नाही असा खडकाळ माळ हाती घेतो, सुरुंग लावून, घण मारून शेत करतो. भाच्यांना शिकवतो. दाजींच्या दुसऱ्या संसाराचं एक गुपित त्याला कळलेलं असतं. तिकडंही तो गुपचूप पैसे पोचवत असतो, आणि बहिणीला कळू नये म्हणून तोंड मिटून राहतो. त्या पैशांवरून शिकलेला भाचाच त्याच्यावर संशय घेतो. दगड फोडतानाचं गाणं पी. बी. श्रीनिवास यांनी गायलंय. राजकुमारांसाठी तेव्हा तेच गात. मी हे गाणं आमच्या गावातल्या लग्नांत, पोळ्याच्या मिरवणुकीत, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर ऐकलंय.

आता अव्वाला हा सिनेमा पाठ कसा झाला, ते. हे मला अव्वानं स्वतः सांगितलं, माझ्या बाळंतपणात, माझ्या लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घालता घालता.

सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. पाऊस तिन्ही वर्षं फसला. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की जत, आटपाडी, माण, खटाव इथली म्हातारी माणसं तारखा सांगत नाहीत, खाणं सांगतात. लाल मिलो, अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी थापता थापता फाटायची. आणि कामावर मिळणारी सुकडी. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि सगळीकडं खडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७७ मध्ये झाला. त्याची कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातलेच, आणि पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला झालेला. तासगाव ते आमचं गाव एका दिवसाची वाट. पण अव्वाला पाग्यांचं नाव ठाऊक नव्हतं. तिला मस्टर ठाऊक होतं, आणि मुकादम, आणि ब्रास. “आठवडाभर फोडायचं आणि मापाला उभं राहायचं. माप कमी भरलं की घरी कोण बोलायचं न्हाई.”

ती विधवा झाली १९६२ साली. पदरात दोन मुलगे, थोरला सोळाचा, धाकटा, म्हणजे माझे वडील, बाराचा. अथणीकडच्या माहेरातून तिचा धाकटा भाऊ, म्हणजे वडिलांचा मामा, आला. पंधरा दिवसांसाठी म्हणून आला आणि राहिला. लग्न केलं नाही. आमच्या वाट्याला घरामागचा माळ होता, नुसता कल्लु. दिवसा दोघं बहीणभाऊ सरकारी खडी फोडायचे आणि चांदणं असलं की रात्री मामा आपल्या माळावरचे दगड उचलून ताली टाकायचे. उताराला आडवी एक ताल, मग तिच्या वर दुसरी. पुढं पाऊस आला की मातीनं अडून बसायला जागा हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या शेताला गावात अजून ‘मावन होल’ म्हणतात. मामाचं शेत. सातबारावर त्यांचं नाव कधीच नव्हतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला वैरण संपली. राहिलेली बैलजोडी घेऊन बहीणभाऊ विजापूरच्या बाजाराला गेले. विजापूर तेव्हा म्हैसूर राज्यात. कर्नाटक हे नाव त्याच साली १ नोव्हेंबरला पडलं. जोडी विकली. किती आले ते अव्वानं कधी सांगितलं नाही. “दावं मात्र परत आणलं,” एवढं सांगायची. परतीची गाडी चुकली. रात्र काढायची होती. मामा म्हणाले, अक्का, राजण्णाचा सिनेमा लागलाय, बसू चल. राजण्णा म्हणजे राजकुमार. खिशात बैलांचे पैसे आणि सिनेमाला बसायचं, अव्वाच्या मनाला पटेना. मामांनी तिकिटं काढली ती स्वतःच्या खडीच्या पैशातून.

“पडद्यावर राजण्णा दगड फोडायला लागला,” अव्वा सांगत होती, लेकीच्या पाठीवर पाण्याचा हात फिरवत, “आणि शेजारी मामा बघ. हात असा.” तिनं मूठ दाखवली, वळलेली. बोटांना दोघांच्याही चिंध्या बांधलेल्या, हातोडीच्या दांड्यानं फोड आले म्हणून. “मी म्हटलं, आरं हा तुझाच सिनेमा की. हसला.”

मग शेवट आला. तो दोघांनी बसून पाहिला. बाहेर आल्यावर मामा स्टँडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पहाटेची गाडी मिळाली.

मी विचारलं, “मग शेवटी काय होतं, अव्वा?” तिनं लेकीला टॉवेलात गुंडाळलं. “तुला आईनं सांगितलंय की,” म्हणाली.

मामा घरातून गेले ते १९७५ च्या ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर. आईनं त्यांना पाहिलेलंच नाही. त्यांनी मावन होलात विहीर काढली होती, तगाईचं कर्ज काढून. कातळ लागला, सुरुंग लागले, खर्च वाढला. थोरल्या मुलानं, माझ्या दोड्डप्पांनी, हिशोब मागितला. एवढं सगळ्यांच्या सांगण्यात सारखं आहे. पुढं ज्याची त्याची गोष्ट. चुलत आत्या सांगायची की मामा भरल्या ताटावरून उठले. वडील सांगायचे, ताटावरून नाही, विहिरीवरूनच गेले, घरात आलेच नाहीत. गावातलं कुणी सांगे, त्यांना कुडलसंगमला पाहिलं, कुणी म्हणे सोलापूरच्या गिरणीत. अव्वा काहीच सांगायची नाही. पण दीड वर्षानं गुड्डापूरच्या तंबूत ती सुनेला उठवून घेऊन आली, याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

इथं जरा बाजूला जाऊन सांगते, कारण साताऱ्यात मला नेहमी विचारतात, तुम्ही मराठी की कानडी? आमचं जत डफळ्यांचं संस्थान, आणि ते सातारच्या जहागिरींपैकी एक. औंध, फलटण, भोर, अक्कलकोट यांच्या पंगतीतलं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला, त्याचंच नाव १९६० मध्ये सांगली झालं. अव्वाच्या पेटीत ‘जि. दक्षिण सातारा’ लिहिलेले कागद होते. आईला ती चिडवायची, “तू साताऱ्याची, मी बी साताऱ्याची, दक्षिणची.” घरात कन्नड बोलून बाहेर मराठीत व्यवहार करणं तिच्या पिढीला कधी अडचणीचं वाटलं नाही. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा जत तालुक्यात आजही आहेत. वडील चौथीपर्यंत तिथंच शिकले.

आणि नाटक-सिनेमात तर ही ये-जा फार जुनी. १८४२ च्या सुमारास उत्तर कानडातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी ते पाहिलं आणि विष्णुदास भाव्यांना म्हणाले, असं आपल्या भाषेत करा. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ झालं. त्या तारखेला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. नव्वद वर्षांनी उलटा प्रवास झाला. कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ चित्रित झाला कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत, आणि मार्च १९३४ मध्ये बंगळुरात लागला. अव्वाच्या वडिलांनी जत्रेत रात्र रात्र ‘श्रीकृष्ण पारिजात’ पाहिलेलं, तिला खांद्यावर बसवून. पारिजात उजाडेपर्यंत चालायचं. त्यामुळं सिनेमा तीन तासांतच संपतो याचं तिला वाईट वाटायचं.

कोरेगावच्या आजीचा सिनेमा वेगळा. तिनं ‘सांगत्ये ऐका’ पाहिला होता, जयश्री गडकर आणि हंसा वाडकरांचा. त्याची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, तेही आमच्या दुष्काळी पट्ट्यातले, माडगुळ्याचे. पुढं १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आला तेव्हा मी शाळेत होते. अलका कुबलसाठी साताऱ्यातल्या बायका पदर तोंडात घेऊन रडताना मी पाहिल्यात. अव्वा तेव्हा आमच्याकडं आली होती. आई, कोरेगावची आजी आणि अव्वा अशा तिघी गेल्या. घरी आल्यावर कोरेगावची आजी सासूला शिव्या घालत होती. अव्वा म्हणाली, “भाऊ असता तर?” एवढंच बोलली आणि चुलीकडं गेली. त्याच गोष्टीवर १९९६ साली कन्नडमध्ये ‘तवरिन तोट्टिलु’ आला. तवरु म्हणजे माहेर. अव्वाचं तवरु तिच्या घरात येऊन तेरा वर्षं राहिलं होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत उठून गेलं होतं.

१२ एप्रिल २००६ ला राजकुमार वारले. बंगळुरात दंगली झाल्या, त्यांची चित्रं टीव्हीवर दिसत होती. अव्वा ऐंशीची, साताऱ्यात आमच्याकडंच होती. तिनं टीव्ही बंद करायला सांगितलं. त्या संध्याकाळी जेवली नाही. वडिलांनी आग्रह केला तर म्हणाली, “आज नको. घरातला माणूस गेलाय.” मी तेव्हा समजले की राजण्णा. पुढच्या वर्षी तीही गेली.

दोड्डप्पांची गोष्ट मी ऐकली नव्हती. कुणीच त्यांना विचारलं नव्हतं. घरात त्यांच्यावर बोट होतं, उघड कुणी दाखवत नव्हतं, पण होतं.

२०२२ च्या डिसेंबरात मी गावी गेले. त्या दिवसांत जत सगळ्या वर्तमानपत्रांत होतं. कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले होते, जतच्या चाळीस गावांनी आमच्याकडं यायचा ठराव केलाय. मग तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी तिकोंडीच्या बाजूला आलं, ते बघायला माणसं लोटली. इकडं म्हैसाळ योजनेच्या विस्ताराची घाई सुरू झाली. दोड्डप्पा शहात्तरचे. अंगणात बाजेवर बसून पेपर वाचत होते, मराठी पेपर, आणि बातम्या शेजाऱ्याला कन्नडमध्ये सांगत होते. मी म्हटलं, चला, विहीर दाखवा.

मावन होल आता डाळिंबाचं आहे. ताली तशाच आहेत. मी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. खालचे दगड मोठे, दोन माणसांना न उचलणारे, आणि त्यांच्या सांदीत बसवलेल्या कपच्या. प्रत्येक कपची हातानं फोडून, फिरवून, बसेल तशी बसवलेली. पन्नास वर्षांत एक ताल फुटलेली नाही. एका सांदीत बोट घातलं तर आत ओली माती लागली. डिसेंबरात.

दोड्डप्पा विहिरीच्या थारोळ्यावर टेकले. मी न विचारताच बोलायला लागले.

“मी हिशोब नव्हता मागितला. वही मागितली होती. तगाईचा हप्ता आला, मी नोकरीला लागलेलो, हप्ता मी भरणार होतो. किती दिले, किती राहिले, बघावं म्हणून वही मागितली. मामा म्हणाले, वही कशाला? मी म्हटलं, लिहिल्याशिवाय कसं कळायचं? माझं वय एकोणतीस. शिकलेलं तोंड. आवाज चढला असंल. त्यांना वाचायला येत न्हवतं, हे माझ्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी.”

वही नव्हतीच. तेरा वर्षांचा सगळा व्यवहार त्यांनी तोंडी ठेवला होता, आणि तो बिनचूक निघाला. दोड्डप्पांनी नंतर प्रत्येक देणेकऱ्याकडं जाऊन पडताळला. एका पैशाचा फरक नव्हता. शोधलंही त्यांनी, कुडलसंगम, सोलापूर, अथणी, हुबळी. सुट्टी काढून काढून जायचे, बायकोलाही सांगायचे नाहीत.

“सोलापूरला शोधायला गेलो तेव्हा तो पिच्चर लागला होता,” म्हणाले. “अव्वा सारखं नाव घ्यायची म्हणून बसलो. एकटाच. तो येत न्हाई गं परत. सिनेमात येत न्हाई. कुठं गेला कुणाला कळत न्हाई.”

मी म्हटलं, “अव्वा तर म्हणायची...”

“ठाऊक हाय. ती मला बी तसंच सांगायची. माझ्याकडं बघून सांगायची.” ते थोडा वेळ विहिरीत बघत राहिले. “मला माफ केलं म्हणून सांगायची का शिक्षा म्हणून, मला कधी कळलं न्हाई. विचारायचा धीर झाला न्हाई.”

मी साताऱ्याला परत आले. आईला हे सगळं सांगावं की नको, यात महिना गेला. वडील तोवर नव्हते. मग एका दुपारी मीच म्हटलं, तो सिनेमा बघायचा का, पूर्ण? ती भाजी निवडत होती. “लाव,” म्हणाली. आता ती कन्नड उत्तम बोलते, सासरकडच्या माणसांशी फोनवर तासतास. पण सिनेमा लागला आणि मी पाहिलं, ती सगळं मराठीत पुटपुटत होती. “हा राजीव. ही त्याची अक्का.” अव्वाच्याच शब्दांत, अव्वाच्याच मोडक्या मराठीत, पडद्याच्या जरा आधी.

राजीव दगड फोडायला लागला तेव्हा ती गप्प झाली. सेहेचाळीस वर्षांपूर्वी तिनं हे नुसतं दगड फोडणं म्हणून पाहिलं होतं. लग्नाला सहा महिने झालेली मुलगी, तिला घरातल्या मामांबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं. जेव्हा अव्वानं मनगट धरलं ती जागा आली, तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं. म्हटलं, बंद करू? तिनं मान हलवली. नको.

राजीव निघाला. तो चालत गेला, मागं न बघता, लांब होत गेला, आणि सिनेमा संपला. बहिणीच्या दारात कुणी परत आलं नाही.

आई निवडलेली मेथी तशीच पुढ्यात घेऊन बसली होती. बराच वेळ. मग तिनं मोबाइल मागितला आणि दोड्डप्पांना लावला. मला वाटलं, सिनेमाचं काही बोलेल. तिनं विचारलं, विहिरीला पाणी किती आहे. पलीकडून ते काही बोलले. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मग मला सांगायला म्हणून तोंड फिरवलं, पण मराठी करायचं विसरली.

“एरडाळु,” म्हणाली. दोन परस.